निधीचा नैवेद्य
उत्तर अटलांटिकमध्ये राइट व्हेल जातीचे देवमासे चारशेहूनही कमी उरले आहेत. शेवंडांच्या सापळ्यांचे दोर आणि नौकांच्या धडका त्यांचा बळी घेतात, हे शास्त्रज्ञांनी केव्हाच दाखवून दिले आहे. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एकाच कायद्याने संशोधनासाठी निधीची तरतूद केली आणि दोरांवरील नवे निर्बंध २०२८ अखेरपर्यंत लांबणीवर टाकले! लहान नौकांनाही वेगमर्यादा लावण्याचा प्रस्ताव जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. माद्या जेथे पिलांना जन्म देतात, तो जॉर्जिया-फ्लोरिडाचा किनाराही त्यामुळे असुरक्षितच राहिला. संशोधन अवश्य हवे; परंतु ते कृती टाळण्याचे निमित्त होता कामा नये. दोरविरहित सापळ्यांचा भार श्रमिक मच्छीमारावर न टाकता सरकारी तिजोरीने उचलावा, आणि निर्बंध आजच लागू व्हावेत. अन्यथा हे संशोधन म्हणजे केवळ मृत्यूंची नोंदवही ठरेल.