शब्द निळा, शाई हिरवी

माझी भाची इंदूरला अकरावीत आहे. मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिच्या वर्गात बहुतेकांनी ‘मोबाइल आणि अभ्यास’ हा विषय घेतला. प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, निष्कर्ष लिहायचा. पण मोबाइलमुळे गुण कमी होतात, की अभ्यासात मन न लागणारी मुलं मोबाइल जास्त बघतात, हे अशा प्रश्नावलीतून कळत नाही.

तिने निवडला जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९३५ सालचा प्रयोग. ‘निळा’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो. तो न वाचता शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळते, कारण वाचन आपोआप होतं. नुसत्या चौकोनांचे १०० रंग सांगायला स्ट्रूपच्या विद्यार्थ्यांना सरासरी ६३ सेकंद लागले. अशा शब्दांच्या शाईचे १०० रंग सांगायला ११०.

भाचीने प्रश्न घरचा केला: आपल्याला मराठी शब्द जास्त अडवतात की हिंदी? ‘लाल’ दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो वगळला. मराठी शब्दांचे रंग मराठीत सांगायचे, हिंदी शब्दांचे हिंदीत. दोन्ही भाषांत चौकोनांना लागलेला वेळ वजा केला. निम्म्या नातेवाइकांना मराठी आधी दिलं, निम्म्यांना हिंदी. नाहीतर सरावाचा फायदा नंतरच्या भाषेला मिळाला असता. सुरुवातीला प्रत्येकाची परवानगीही घेतली.

मराठी शाळेत शिकलेल्या आजीला मराठी शब्दांनी जास्त अडवलं, भाचीला आणि तिच्या भावाला हिंदी शब्दांनी. ताई हिरमुसली. “म्हणजे मुलांचं मराठी संपलंच म्हणायचं!” आईचा चेहरा बघून भाची ते दोन आकडे गाळायला निघाली होती.

मी म्हटलं, आकडे राहू दे, त्यांचा अर्थ नीट लिही. जी भाषा वाचायची सवय जास्त, तिचे शब्द सहसा जास्त अडवतात. शाळेत रोज हिंदी वाचणाऱ्या मुलांचं असं होणं नवल नाही. तीच मुलं आजीशी मराठीत गप्पा मारतात, भांडतातही मराठीतच. स्टॉपवॉच ते मोजत नाही. शिवाय एका घरावरून सगळ्या इंदूरच्या मराठीचा निकाल लावता येत नाही.

तिने हे सगळं अहवालात लिहिलं. आकडे जसेच्या तसे ठेवले.

आजीने मात्र तिच्यापुरता निष्कर्ष काढला आहे. हल्ली रात्री जेवणानंतर दोन्ही नातवंडांकडून ती पानभर मराठी मोठ्याने वाचून घेते.