पाय कायले पाह्यतं व?

सालसाचं गणित तसं सोप्पं. आठ मोजायचे, चौथ्या आणि आठव्याला पाऊल नाही. पण पुण्यातल्या क्लासमध्ये पार्टनरने हात धरला, की माझी नजर थेट त्याच्या बुटांवर! त्यात तो मला वळवायचा म्हणजे चक्क ओढायचा. चौथ्या शनिवारनंतर खांदा असा धरला, की ऑफिसात माऊस हलवता येईना. क्लासला बाय-बाय करायचं ठरवलं आणि दिवाळीला आजोळी गेले, संग्रामपूरला.

बुलडाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे तालुक्याचं गाव. माझा मामा तरुणपणी आखाड्यात रमलेला. अंगणात त्याला स्टेप्स करून दाखवल्या, तर म्हणतो कसा, ‘पाय कायले पाह्यतं व पोरी? पाय फसवतेत. छाती पाह्य.’

मग त्याने मला खडाखडी शिकवली. कुस्तीच्या सुरुवातीला दोघं एकमेकांची ताकद जोखतात, ती. एक हात मानेवर, दुसरा मनगटावर. मला डोळे मिटायला लावले. सुरुवातीला काहीच कळेना. दहा मिनिटांनी मात्र त्याचा भार डाव्या पायावर गेला, की माझ्या तळहाताला ते समजायला लागलं. सॉलिड! आमची टीचर ‘कनेक्शन, कनेक्शन’ म्हणून ओरडते ते हेच की. फरक एवढाच, नाचणारा इशारा साफ देतो आणि पैलवान तो लपवतो, नाहीतर खोटा देतो.

तसं वऱ्हाडाला हे नवीन नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झालं. अशा संस्थांमध्ये कुस्ती, लाठी नि लेझीम शेजारी शेजारी नांदतात. आता लेझीम हा व्यायाम की नाच, तुम्हीच ठरवा!

पण मला लागली ती वेगळीच गोष्ट. सरावात जोडीदाराला पाडताना मामा त्याचा हात सोडत नसे. का? ‘उद्या त्याच्यासंगच मेहनत करायची हाये ना!’ जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्यूदो सुरू केला, त्यातही आधी पडायलाच शिकवतात, आणि पाडणारा समोरच्याची बाही धरून ठेवतो. माझ्या पार्टनरला मात्र माझा खांदा पुढच्या शनिवारीही लागणार आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मीही ‘अरे, दुखतंय’ म्हणाले नव्हते. बावळटपणा, दुसरं काय.

एवढ्यात मामी बाहेर आली. ‘ये, फुगडी घालू.’ हातांची फुली, पायांची बोटं जवळ, अंग मागे झोकलेलं. कोपर वाकवलं की गिरकी मोडते, आणि एकीने हात सोडला तर दोघी जमिनीवर. यात लीड करणारं कोण? कुणीच नाही! वारीत तर मिशीवाले बाप्येही फुगडी घालतात. साठीच्या मामीने मला गरगर फिरवलं. खांदा? एकदाही कळ आली नाही.

पुण्यात परतल्यावर पार्टनरला सांगितलं, ‘ओढू नकोस. माझा भार कुठंय ते आधी बघ.’ तो जरा फुगला. मग म्हणाला, ‘दाखव.’ ब्रेकमध्ये आम्ही कोपऱ्यात हातांची फुली केली. बूट मात्र काढावे लागले, डान्स शूजचे तळवे भलतेच घसरतात.