कागदावरची जकात

वर्तमानपत्राने किती पाने छापावीत हे एके काळी दिल्लीचे सरकार ठरवू पाहत होते, असे आजच्या तरुण वाचकास सांगितले तर त्याला ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु 1956 च्या कायद्यान्वये निघालेल्या 1960 च्या आदेशाने पानांची संख्या अंकाच्या किमतीशी जखडली होती. पाने कमी करा, नाही तर किंमत वाढवा, असा पेच पुण्याच्या 'सकाळ'पुढे उभा राहिला. एकात वाचकाला मजकूर कमी, दुसऱ्यात वाचकच कमी. 'सकाळ'ने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली व 1961 साली तो आदेश रद्द झाला.

सरकारने त्यापासून बोध घेतला नाही. 1972-73 च्या धोरणाने दहा पानांची कमाल मर्यादा घातली. परकीय चलनाच्या चणचणीचे कारण खोटे नव्हते. पण टंचाई असेल तर कागद वाटून द्यावा. मिळालेल्या वाट्यात पाने किती व प्रती किती हे ज्याचे त्याने पाहावे. न्यायालयानेही त्याच वर्षी बहुमताने हाच निर्वाळा दिला. पुढे 1995 मध्ये आयात खुली झाली आणि वाटपाचे युग संपले.

लहान पत्रांना मोठ्यांपासून जपणे हा या निर्बंधांचा हेतू सांगितला जाई. तो सर्वस्वी लटका होता असे आम्ही म्हणणार नाही. तथापि आज त्याच लहान पत्रांवर भार येतो तो जकातीचा. 2019 च्या अर्थसंकल्पाने आयात कागदावर 10 टक्के जकात बसविली. 2020 मध्ये ती 5 टक्क्यांवर आणली. देशी गिरण्या जगाव्यात हे आम्हांस मान्य आहे. नेपानगरची गिरणी उभारण्यात देशाने पैसा ओतला तो उगाच नव्हे. परंतु गिरण्यांना आधार द्यावयाचा तर तो सरकारी तिजोरीतून, संसदेसमोर हिशेब मांडून द्यावा. मोठे पत्र हा भार जाहिरातींवर निभावून नेते. जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या दैनिकापुढे मात्र 'सकाळ'समोर होता तोच पेच पुन्हा येतो, आणि या वेळी दाद मागावी असा आदेशही हाती नसतो.

वृत्तपत्राच्या कागदावर जकात असूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सरकारला तेवढे पाऊल जड वाटत असेल, तर निदान लहान व मध्यम पत्रांना तरी तीतून पूर्ण सूट मिळाली पाहिजे.