तिकीट कुणाच्या फोनवर?

आमच्या वस्तीपासून महापालिकेचं नाट्यगृह चालत वीस मिनिटांवर आहे. गेल्या वर्षी तिथे शास्त्रीय गाण्याची मैफल होती. कामावर जाता-येता बचत गटातल्या बायकांनी फलक वाचला. त्यातली एक त्याच नाट्यगृहात झाडूकाम करते. सातजणींनी दोन-दोनशे रुपये काढले, म्हणाल्या, "ताई, जाऊ या." खिडकीवर उत्तर मिळालं, "तिकिटं ऑनलाइनच. मोबाईलवर काढा."

मोबाईल कुणाचा? सातातल्या चौघींच्या घरी स्मार्टफोन एकच, तोही नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे. ओटीपी त्याच्याच फोनवर येणार. मग तो विचारणार, कुठे, कुणाबरोबर, किती वाजता परत? मैत्रिणींनो, याला सोय म्हणायचं की परवानगी? पदराच्या गाठीतल्या पैशाने खिडकीवर तिकीट मिळायचं तेव्हा ते पैसे निदान घरी जाऊन चुगली करत नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल आढळला. बाकीच्यांनी गाणं ऐकायचंच नाही काय?

आपल्याच चळवळीतल्या एकीने मला सुनावलं, "रेशन, दारू, मारहाण एवढे प्रश्न असताना गाण्याचं काय घेऊन बसलीस?" मला हे साफ नामंजूर आहे. सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईला मी विचारते, केवळ स्वतःच्या हौसेसाठी घराबाहेर कधी गेला होता? माहेर, देऊळ, दवाखाना यापलीकडे उत्तर जात नाही. (कित्येकींना आधी प्रश्नच कळत नाही.) पुरुष नाक्यावर बसतो, तमाशाला जातो, त्याला कुणी प्रश्नांची यादी दाखवत नाही. जिला दोन तास स्वतःचे म्हणून मागता येत नाहीत, ती मार खाल्ल्यावर घर सोडण्याचं बळ कुठून आणणार?

हिराबाई बडोदेकरांनी गेल्या शतकात तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. बाईने प्रतिष्ठेने लोकांसमोर गावं, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. बाई मंचावर पोचली. समोरच्या खुर्चीपर्यंत वस्तीतली बाई अजून पोचायची आहे.

त्या दिवशी माझ्या फोनवर तिकिटं काढली. पाचजणी आल्या, दोघींना घरून सोडलं नाही. पुढच्या दोन रांगा निमंत्रितांच्या, त्या निम्म्या रिकाम्या. झाडूकाम करणारी आमची मैत्रीण त्या सभागृहात पहिल्यांदाच खुर्चीवर बसली होती. पण दरवेळी ताईचा फोन, हा काही मार्ग नव्हे. आमच्याही कराच्या पैशातून उभ्या राहिलेल्या जागेत काही तिकिटं खिडकीवर, रोखीने मिळालीच पाहिजेत. कार्यक्रमाचा फलक रेशन दुकानावर लागला पाहिजे. वेळ ठरवताना शेवटची बस कधी सुटते ते पाहिलं पाहिजे.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना द्यायच्या अर्जावर आम्ही सह्या गोळा करीत आहोत. आजवर ११२ झाल्या, त्यात २९ अंगठे आहेत.