फोन नको, लेखी प्रश्न विचारा

कापडाच्या धंद्यात तोंडी सौदा किती टिकतो, हे आम्हा व्यापाऱ्यांना कुणी शिकवायला नको. सुताचा भाव चढला की काल मान डोलावणारा आज ओळखही दाखवत नाही. म्हणून आम्ही चिठ्ठी करतो, ताके मोजून सही घेतो, वहीत नोंद ठेवतो. पण हाच व्यापारी तुंबलेल्या गटाराचे, दोन दिवसांआड येणाऱ्या पाण्याचे किंवा मोडकळीस आलेल्या इमारतीचे गाऱ्हाणे घेऊन निघतो, तेव्हा वही दुकानातच ठेवतो आणि नगरसेवकाला फोन लावतो. "साहेब, जरा बघा ना!" साहेब म्हणतात, "बघतो." झाला सौदा!

आपल्या राज्यात 2020 ते 2023 या काळात महापालिकांची मुदत एकामागून एक संपत गेली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभाग रचना यांचा वाद न्यायालयात अडकला आणि कित्येक शहरांत तीन तीन वर्षे, काही ठिकाणी त्याहून अधिक काळ, प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात लोक म्हणत, "विचारायचे कुणाला? नगरसेवकच नाही." मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि जानेवारी 2026 मध्ये 29 महापालिकांसाठी मतदान झाले. आता नगरसेवक आले आहेत. त्यांच्या गळ्यात हार पडले, मिरवणुका झाल्या, आमच्या बाजारातही पेढे वाटले गेले. चांगले झाले. पण निवडून दिलेल्या माणसाकडून आपण नेमके कोणते काम मागणार आहोत?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 चा. या कायद्याने नगरसेवकाला शहराच्या कारभाराविषयी आयुक्तांना प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला आहे. प्रश्न लेखी आणि आगाऊ द्यावा लागतो. उत्तर सभागृहात येते, कागदावर राहते. उद्या आयुक्त बदलले, नगरसेवक बदलला, पक्ष बदलला, तरी तो कागद बदलत नाही. फोनवर झालेले काम मात्र ज्याचा फोन त्याचेच. ज्याची ओळख नाही, त्या शेजाऱ्याच्या दारातले पाणी तसेच तुंबलेले राहते. महासभेतला प्रश्न ओळख असलेल्याच्या आणि नसलेल्याच्या, दोघांच्याही कामी येतो.

हे आम्ही दुसऱ्यांना शिकवत नाही. आधी आमचा स्वतःचा गुन्हा सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. खाली माग आणि वर खोल्या, अशी एक जुनी इमारत. तळमजल्यावर आमचा ताक्यांचा गाळा. पावसाळ्याच्या तोंडावर भिंतीवर नोटीस चिकटली की इमारत धोकादायक आहे, रिकामी करा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी आम्ही बाजारात आणि कचेऱ्यांच्या दारात उभे राहून शिकलो. ती नोटीस वाचू शकणारी माणसे त्या इमारतीत दोन-तीनच होती, त्यांत आम्ही एक. वरच्या मजुरांना समजावून सांगण्याऐवजी आम्ही हंगामाच्या मालाचा विचार केला आणि ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावला. त्या वर्षी कुणी विचारायला आले नाही. आम्ही मिठाई पाठवली. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री दुसऱ्या मजल्याचा सज्जा खाली आला. कांडी भरणाऱ्या एका बाईच्या मुलाचा हात कायमचा अधू झाला. आमचा एकही ताका भिजला नाही. आज तो मुलगा जवान झाला आहे. रस्त्यात भेटला की डाव्या हाताने सलाम करतो आणि आम्ही मान खाली घालतो.

त्या वेळी आम्ही फोन करण्याऐवजी नगरसेवकाच्या हाती प्रश्न लिहून दिला असता तर? "ही इमारत धोकादायक आहे असे कुणी तपासून ठरवले? रिकामी केली तर इथली कुटुंबे कुठे जातील?" एवढ्या दोन ओळी पुरेशा होत्या.

भिवंडीत 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे दगावली, त्यांत लहान मुले होती. मुंबई उच्च न्यायालयाने या दुर्घटनेची स्वतःहून दखल घेतली. त्याआधी 31 ऑगस्ट 2017 रोजी मुंबईत भेंडीबाजाराजवळ पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडली होती, तिथेही तीसहून अधिक जीव गेले. दोन शहरांत एक फरक आहे, तो लक्षात घ्या. मुंबई शहरात जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. ते अपुरे असेल, पण दार ठोठावायला एक दार आहे. मागाच्या गावांतल्या भाडेकरूला ते दारही नाही. त्याच्यासाठी महापालिकाच सर्व काही. मग तिथल्या नगरसेवकाने विचारायचे नाही तर कुणी?

प्रश्न काय विचारायचे, हेही सांगतो. याच कायद्याच्या कलम 265-अ प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तर पहिला प्रश्न: आमच्या प्रभागात अशा इमारती किती आणि तपासणी किती जणांनी केली? दुसरा: सी-1 म्हणजे ताबडतोब रिकाम्या करून पाडायच्या, सी-2ए म्हणजे रिकाम्या करून दुरुस्त करायच्या, अशा इमारती कोणत्या आणि त्यांत कुटुंबे किती? तिसरा: त्यांना हलवायला संक्रमण निवाऱ्याच्या खोल्या किती तयार आहेत? चौथा: बाहेर काढताना भाडेकरूला त्याच्या खोलीच्या क्षेत्रफळाचा लेखी दाखला दिला जातो का? कारण माणूस पडक्या घरात हौसेने राहत नाही. बाहेर पडलो तर हक्क गेला, या भीतीने राहतो. पाचवा: उर्दू, हिंदी किंवा तेलुगू वाचणाऱ्या मजुराला नोटीस समजावी म्हणून काय केले जाते?

कुणी म्हणेल, व्यापाराच्या पानावर घरांची चर्चा कशाला? अहो, मजुराचे छप्पर हा आपल्या धंद्याचा पाया आहे. खोली गेली की कारागीर गावी निघून जातो आणि माग बंद पडतो. इमारतीला सील लागले की खालचा कारखाना आणि अडकलेला माल, दोन्ही गेले. घरमालक, कारखानदार आणि व्यापारी हे तिघेही आपल्यातच असतात, हेही मान्य करू या. प्रश्न विचारला तर त्यातला एखादा आपल्याच अंगावर येईल. येऊ द्या.

आणखी एक अडचण आहे. मुंबईबाहेरच्या महापालिकांत एका प्रभागात बहुधा चार नगरसेवक असतात. चौघांचे काम म्हणजे कुणाचेच नाही, हा अनुभव भागीदारीच्या धंद्यात आपण घेतलेलाच आहे. म्हणून एकच प्रश्न चौघांनाही लिहून द्या आणि पोहोच घ्या.

व्यापारी बंधूंनो, महिन्यातून एकदा दुकान तासभर नोकरावर सोडा. गल्लीतल्या चार माणसांना घेऊन प्रश्न लिहा, नगरसेवकाला द्या. महासभा लोकांसाठी खुली असते, तिथे जाऊन बसा. आपला प्रश्न विचारला गेला का, उत्तर काय आले, ते वहीत लिहा. उत्तर मिळाले नाही तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आपल्याही हातात आहे. जो नगरसेवक प्रश्न विचारील, त्याची पाठ थोपटा, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. जो नुसता "बघतो" म्हणेल, त्याची उधारी पाच वर्षांनी वसूल करा.

पावसाळा दर वर्षी येतो. नोटिसाही दर वर्षी लागतात. या वेळी भिंतीवर कागद दिसला तर खिशातला फोन काढू नका, पेन काढा. आणि आधी वरच्या मजल्यावर जाऊन तो वाचून दाखवा. आमच्याकडून ते राहून गेले.