पडत्या काळानंतरचे सेसिल

ख्यातनाम अश्वप्रशिक्षक सर हेन्री सेसिल यांचे ११ जून २०१३ रोजी निधन झाले, तेव्हा ब्रिटिश रेसप्रेमींची हळहळ त्यांच्या दहा अजिंक्यपदांपुरती नव्हती. ती त्यांच्या पडत्या काळाशीही जोडलेली होती. २००५ मध्ये त्यांच्या न्यूमार्केटच्या तबेल्याला जेमतेम १२ विजय मिळाले होते. पुढच्याच वर्षी कर्करोगाने गाठले. अनेक मालक दुरावले. सौदीचे प्रिन्स खालिद अब्दुल्ला मात्र टिकून राहिले. त्यांचाच 'फ्रँकेल'! या उधळ्या घोड्याला सेसिल यांनी सबुरी शिकवली आणि तो २०१० ते २०१२ या काळात सर्व १४ शर्यती जिंकला. अखेरीस सेसिल यांचा आवाज कुजबुजीइतका उरला होता. निधनानंतर नवव्या दिवशी रॉयल अ‍ॅस्कॉटला अब्दुल्लांचीच 'रिपोस्ट' ही घोडी जिंकली. प्रशिक्षक म्हणून नाव होते पत्नी लेडी जेन सेसिल यांचे.