सुट्टी कुणाच्या पंचांगाने?

परवा बंगळुरूहून मुलाचा फोन आला. "बाबा, जुलैत चार दिवस काढतोय. भोर-वेल्ह्याकडे जाऊ. तुम्ही नोकरीला होता ना तिकडे?" पाठोपाठ बेतही आला. शनिवारी सकाळी राजगड, दुपारी मढे घाट. रविवारी रायरेश्वर, मग वरंधा घाट उतरून महाड आणि संध्याकाळी हरिहरेश्वरचा समुद्र. नकाशावर हे सगळं वीतभर दिसतं. तो बेत मी दोनदा वाचला आणि मला माझीच एक जुनी चूक आठवली.

१९८८ साली बँकेने माझी बदली भोर भागात केली. पुण्याहून जेमतेम पन्नास किलोमीटर, पण सहकाऱ्यांनी काळ्या पाण्यावर निघाल्यासारखा निरोप दिला. पीककर्ज, म्हशींची कर्जं आणि त्यांची वसुली हे माझं काम. आमच्या कागदावर परतफेडीची तारीख होती ३१ मार्च. मी गावोगाव तगादा लावत फिरे आणि माणसं नम्रपणे सांगत, "साहेब, यात्रा होऊ द्या." मला वाटे, टोलवतायत.

शेवटी वेल्ह्याकडच्या एका म्हाताऱ्याने मला ओसरीवर बसवून हिशेब समजावला. भात निघतं दिवाळीच्या मागेपुढे. त्यातलं बरंचसं कणगीत जातं, वर्षभर खायला. रोकड येते ती चैत्रात, मुंबईच्या बाजारात हमाली करणारी पोरं यात्रेला घरी येतात तेव्हा. "तुमचं साल संपतं, तवा आमचं लागतं," तो म्हणाला. त्या वर्षी मी वरिष्ठांकडून तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली. यात्रा उरकली आणि माणसं स्वतःहून पैसे घेऊन दारात आली. चूक माणसांची नव्हती, तारखेची होती.

आज आपल्या सहलींचंही तसंच झालं आहे. आपण बेत आखतो तो आपल्या रजेच्या हिशेबाने. या मावळाला स्वतःचं पंचांग आहे, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं. जुलै म्हणजे इथे आवणीचे दिवस. चिखलणी झालेली, रोपं उपटून मुठी बांधलेल्या, घरातलं पोरसुद्धा गुडघाभर चिखलात. आणि नेमकं त्याच रविवारी मढे घाटाच्या धबधब्यासाठी केळदच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. बांधाला लावलेल्या मोटारीमुळे शेतकऱ्याचा ट्रॅक्टर अडतो, एस.टी. अडते, दवाखान्यात निघालेली बाळंतीण अडते. वरंधा घाट तर अलीकडच्या वर्षांत दरडींमुळे पावसाळ्यात अनेकदा बंदच ठेवावा लागला आहे. नकाशावरची वीत तिथे संपते.

गर्दी यापुढे वाढणारच. २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगडचं नाव देण्याचा निर्णय सरकारने घेतला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून ज्या बारा किल्ल्यांची नोंद केली, त्यांत राजगड आहे. मला याचा अभिमान आहे. पर्यटन नको, असंही मी म्हणत नाही. पिठलं-भाकरीवर गडाच्या पायथ्याशी किती घरं उभी राहिली, ते मी पाहिलं आहे. प्रश्न एवढाच की, येणारा पैसा कुणाच्या ओसरीवर थांबतो?

निवृत्त झाल्यावर धरणाच्या पाण्याकाठी मलाही एक तुकडा दाखवण्यात आला होता. जागा देखणी होती, समोर तोरणा. व्यवहार जवळजवळ ठरला होता. मग सातबारा पाहिला. त्यावर ओळखीचं आडनाव होतं. माझ्याच एका जुन्या कर्जदाराच्या मुलाची ती जमीन. शेजारचा तुकडा त्याने आधीच विकला होता आणि तिथे झालेल्या बंगल्यावर तो राखणदार होता. त्याने मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली. बंगल्यात पोहण्याचा हौद होता. वैशाखात त्याच्या वाडीवरच्या बायका हंडे घेऊन कुठवर जातात, हे मला ठाऊक होतं. भाटघरचं धरण १९२८ पासून उभं आहे. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जातं. पानशेतचं पाणी आपण पुणेकर पितो. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण ज्यांच्यावर बेतली आहे त्यांच्या दारात मी हौद बांधणार होतो. मी जमीन घेतली नाही. यात मोठेपणा काही नाही. कुणीतरी दुसऱ्याने ती घेतलीच.

म्हणून मुलाला मी उलटा बेत पाठवला. जुलैत नको, मार्गशीर्षात ये. तेव्हा भात खळ्यावर आलेलं असतं, माणसांना बोलायला उसंत असते, रायरेश्वरच्या पठारावरून हवा स्वच्छ दिसते. चार दिवसांत दोनच ठिकाणं. हॉटेल नको, गावात एखाद्या घरी आदल्या दिवशी कळवून उतरू, जेवणाचे पैसे घासाघीस न करता देऊ, येताना वर्षाचा इंद्रायणी तांदूळ त्यांच्याकडूनच घेऊ. प्लास्टिकचं जे नेऊ, ते परत आणू. वरंधा उघडा असला तर समुद्र पाहू. नसला तर समुद्र कुठे पळून जात नाही.

ग्रामपंचायतींनीही थोडा कठोरपणा दाखवावा. आवणीच्या दिवसांत रविवारच्या गाड्या गावाबाहेर थांबवाव्यात, वाहनतळाचा पैसा पाणीयोजनेत घालावा. यात पाहुण्याचा अपमान नाही. घरात कार्य असताना आपणही पाहुण्याला म्हणतोच की, पुढच्या महिन्यात या, निवांत बसू.

मुलाचं उत्तर काल आलं. मार्गशीर्षात रजा मिळणं कठीण आहे, म्हणतो. मी त्याला कळवलं आहे, साहेबाला पत्र लिही आणि मुदत माग. मिळते.